नागपूरहून महासागराकडे: शिडाच्या लांब सफरीची तयारी

भारतीय माणसानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतलेले व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे ते फलटणजवळच्या विंचुर्णीत. त्या माळरानावरून समुद्र दिसण्याचा प्रश्नच नाही. पण त्यांच्याच पाठपुराव्यातून नौदलाची ‘सागर परिक्रमा’ उभी राहिली, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी बोट तयार झाली, आणि कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघून मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले.

नागपूरहून समुद्र समृद्धी महामार्गानं गेलात तरी सातशे किलोमीटरच्या पुढे. ‘तुम्ही नागपूरचे, तुमचा काय संबंध?’ असं कुणी विचारलं तर विंचुर्णीचं नाव सांगा. लांबच्या सफरीची निम्म्याहून जास्त तयारी जमिनीवरच होते आणि ती नागपुरात उत्तम करता येते. उरलेली, म्हणजे समुद्रावरचे मैल, नागपुरात कुठेही मिळत नाहीत आणि पुस्तक किंवा व्हिडिओ त्यांची जागा घेत नाही. तयारीचे हे दोन भाग वेगळे ठेवले की बराच पैसा आणि थोडी अब्रू वाचते.

बोट इतक्यात घेऊ नका

स्वप्न डोक्यात शिरलं की माणूस पहिल्यांदा बोटींच्या किमती बघतो. ते थांबवा. दोंदे नौदलात मुरलेले अधिकारी होते, तरी २००६ मध्ये होकार दिल्यापासून निघेपर्यंत तीन वर्षं गेली. त्या काळात ते इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या नामवंत दर्यावर्दींकडे शिकले, बोट बांधली जात असताना तिच्या अवतीभवती राहिले, आणि परिक्रमेआधी मॉरिशसपर्यंत जाऊन परत आले. अलीकडचं उदाहरण घ्या. तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्या नेतृत्वाखाली ११ सप्टेंबर २०२५ रोजी ‘त्रिवेणी’ घेऊन गेटवेहून प्रदक्षिणेला निघाल्या. त्याआधी त्याच वर्षी त्या मुंबई ते सेशेल्स आणि परत अशी सफर करून आल्या होत्या. सरकारी पाठबळ असलेली माणसं इतकी पायरी-पायरीनं जातात, तर आपण थेट बोट खरेदीला निघणं म्हणजे उतावळेपणाच.

सुरुवात डिंगीपासून, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीपासून करा. कॉलेजात असाल तर एनसीसीची नौदल शाखा नागपुरात आहे, तिथून सुरू करण्याइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. ते वय उलटलं असेल तर यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न मुंबईचे क्लब आहेत, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पावसाळ्यात मुंबईची शिडं उतरलेली असतात, म्हणून रजा ऑक्टोबर ते मे या काळात काढा. तलावावर शिकायची संधी मिळाली तर जरूर घ्या. तिथला वारा झाडाइमारतींवरून वळसे घेत येतो, दर मिनिटाला दिशा बदलतो आणि हात लवकर तयार होतो. तलावात नसते ती लाट. समुद्राची लांब लाट बोटीखालून जाते तेव्हा पोटात काय होतं, ते समुद्रावरच कळतं.

पुढची पायरी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाण्याची. मुंबई-गोवा हे सुमारे २२० सागरी मैल. त्यात दोन रात्री, मच्छीमारांची जाळी, मोठी जहाजं, पहाटेचे मतलई वारे असं सगळं पदरात पडतं. ‘सागरी मैल आणि रात्री’ अशी एक वही ठेवा आणि कप्तानाची सही घेत जा. ब्रिटनच्या आरवायए या संस्थेच्या, जगभर मान्य असलेल्या डे स्किपर, यॉटमास्टर या परीक्षांना हीच नोंद लागते. परदेशी जाण्याची ऐपत असेल तर १९९० पासून दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला शेकडो बोटींचा ताफा निघतो. हे सुमारे २७०० मैल पैसे भरून कुणाच्या तरी बोटीवर करता येतात. खर्च मोठा वाटेल, पण स्वतःच्या बोटीचा एका वर्षाचं नांगरभाडं, शिडं आणि रंगरंगोटी यापुढे तो किरकोळ आहे. शिवाय सफर संपल्यावर ‘हे आपलं काम नाही’ असं लक्षात आलं तर बॅग उचलून घरी येता येतं.

घरी बसून काय शिकाल

झोप. ही गोष्ट सगळे शेवटी विचारात घेतात, खरं तर ती पहिली. तिघं असाल तर तीन तास पहारा आणि सहा तास सुट्टी असं चक्र चालतं. दोघंच असाल तर तीन तास तू, तीन तास मी. निघण्याआधी आठवडाभर घरी असं झोपून पाहा. रात्री बाराला उठा, तीनला झोपा, सहाला परत उठा, आणि वर ऑफिस करा. चौथ्या दिवशी स्वभावाचा जो रंग दिसेल तोच समुद्रावर दिसणार आहे. सोबतीला कोणाला न्यायचं हे ठरवायलाही हा उपाय चांगला.

पहाऱ्यावर दर किती मिनिटांनी क्षितिज पाहायचं, याचं एक साधं गणित आहे. बोटीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची जेमतेम अडीच मीटर, म्हणजे त्याचं क्षितिज साडेतीन मैलांच्याही आत. समोरच्या जहाजाचे दिवे उंचावर असल्यानं ते आठेक मैलांवरून दिसू लागतात. जहाज ताशी वीस सागरी मैलांनी येतंय, तुम्ही पाचनं जाताय. आठ मैलांचं अंतर मिटायला वीस मिनिटंही लागत नाहीत. म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी उभं राहून पूर्ण गोल नजर फिरवायची. जहाजांची खबर देणारं एआयएस यंत्र असलं तरी हे चुकवायचं नाही, कारण कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्यांवर ते यंत्र नसतंच.

गाठी शिका, पण डोळे मिटून. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी खिडकीच्या गजाला, कूलरच्या स्टँडला, लाइट गेलेली असताना, ओल्या दोरीनं, एका हातानं मारता आल्या की झालं. वीस गाठींचं कोष्टक पाठ करण्यापेक्षा हे बरं.

आता थोडी हौस. जीपीएस असताना सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारा सेक्स्टंट कशाला, हा रास्त प्रश्न आहे. व्यवहारी उत्तर असं की हातात धरायचे दोन जीपीएस आणि त्यांचे सेल वेगळ्या डब्यात ठेवलेले असतील तर तुमचं भागेल. तरी वीज पडून बोटीतली सगळी विद्युत यंत्रं एका क्षणात जाऊ शकतात. शिवाय सेक्स्टंटनं रोजची नोंद ठेवायची शिस्त लागते ती वेगळीच. त्याचा सराव नागपुरात गच्चीवर होतो. क्षितिज नाही म्हणून अडत नाही. पसरट ताटात काळं इंजिन ऑइल किंवा काकवी ओता, वारा लागणार नाही असा आडोसा करा. पृष्ठभाग निवळला की त्यात सूर्याचं प्रतिबिंब दिसेल. दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावल्याशिवाय बघू नका, डोळा जाईल. मग आकाशातला सूर्य सेक्स्टंटनं खाली उतरवून ताटातल्या सूर्यावर नेमका बसवा. येणारा कोन हा सूर्याच्या उंचीच्या दुप्पट असतो. उपकरणाची चूक काढून तो निम्मा करा. सूर्य माथ्यावरून सरकताना मिळालेली सर्वांत मोठी उंची नव्वदातून वजा करा आणि नॉटिकल अल्मनॅकमधली सूर्याची त्या दिवसाची क्रांती (डेक्लिनेशन) त्यातून वजा करा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असल्यामुळे. उत्तर २१ अंश ९ मिनिटांच्या जवळ यायला हवं, तो आपल्या नागपूरचा अक्षांश. एका मिनिटाची चूक म्हणजे एक सागरी मैल. पाच मैलांच्या आत आलात तर पाठ थोपटून घ्या.

हा खेळ फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमतो. सेक्स्टंटचा कोन साधारण १२० अंशांपर्यंतच मोजता येतो, आणि मे महिन्यात नागपूरचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यानं दुप्पट कोन १८०ला टेकतो. सूर्याची दुपारही घड्याळाची नसते. आपल्याकडे ती सरासरी सव्वाबाराच्या सुमारास होते, नोव्हेंबरात बाराच्या किंचित आधी, फेब्रुवारीत साडेबाराला टेकून. म्हणून पाऊण तास आधीच गच्चीवर जा.

इतवारीतून भरलेलं कोठार

पहिल्या सफरीसाठी मुंबई ते माले हा रस्ता मला पसंत आहे. अंतर सुमारे ९०० मैल. पस्तीस-चाळीस फुटी बोट दिवसाला शंभर ते सव्वाशे मैल तोडते, म्हणजे आठ-नऊ दिवस. मालदीवजवळ वारा पडतो, म्हणून तयारी चौदा दिवसांची धरा. पाणी माणशी रोज चार लिटर. तिघांचे चौदा दिवसांचे १६८ लिटर, त्यावर निम्मं जादा, म्हणजे अडीचशे लिटर. ते एकाच टाकीत ठेवू नका. टाकी फुटली किंवा तिच्यात डिझेल, खारं पाणी मिसळलं तर उरलेल्या कॅनवर किनारा गाठता आला पाहिजे. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासा. भाताला तीन-चार वाट्यांत एक वाटी खारं पाणी घातलं की वेगळं मीठ लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत नागपूरकराचं नशीब चांगलं आहे. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात वाळवण जसं कडकडीत होतं तसं मुंबईच्या दमट हवेत होत नाही. सांडगे, वाळवलेली मेथी, कांद्याच्या चकत्या, टोमॅटोचे काप हे उन्हाळ्यात करून ठेवा आणि डिसेंबरात न्या. मात्र समुद्रावर पहिल्याच रात्री हवेतला ओलावा त्यांना गाठतो. म्हणून एका वेळेपुरतं माप लहान पाकिटात बंद करून, ती पाकिटं झाकणाच्या डब्यात ठेवा. सातूचं पीठ, मेतकूट, भाजणी, खाकरे, दशम्या, गूळ-शेंगदाणे यांना चूल जवळजवळ लागत नाही, आणि बोट कलंडलेली असताना हाच त्यांचा मोठा गुण. प्रेशर कुकर न्याच. झाकण अडकलेलं असल्यानं लाटेच्या हिसक्यानं वरण अंगावर येत नाही. सावजी मसाला खुशाल न्या, पण पहिले तीन दिवस तो डबा उघडू नका. बोट भल्याभल्यांना लागते. गोळी घ्यायची तर निघण्याच्या आदल्या रात्रीपासून, डॉक्टरला विचारून आणि एकदा घरी घेऊन पाहिलेली. एकदा उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

संत्र्यांचं काय? प्रत्येक जण पेटी भरून देणार, हे ठरलेलं. स्कर्व्ही या आजाराचं आणि लिंबू-संत्र्यांचं नातं जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरनं १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर दाखवून दिलं. बारा आजारी खलाशांपैकी दोघांना त्यानं संत्री आणि लिंबं दिली. ते दोघं झपाट्यानं सुधारले, पण फळं सहा दिवसांतच संपली. आपल्यालाही तोच धडा लागू आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल, ते दबतं आणि दमटपणात लवकर बुरशी धरतं. म्हणून संत्री पहिल्या चार-पाच दिवसांत संपवा. पुढच्यासाठी मोसंबी, घट्ट सालीची लिंबं, पानकोबी, अख्खा लाल भोपळा, कांदे, बटाटे. आणि मटकी! ओल्या फडक्यात दोन दिवसांत मोड येतात, ताजी भाजी मिळते आणि क जीवनसत्त्वही. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर चढू देऊ नका, झुरळांची अंडी त्याच्या घड्यांतून येतात. फळं-भाज्या बाजारातून आणल्यावर धुऊन, पूर्ण सुकवूनच आत घ्या.

मुहूर्त वाऱ्याचा

पश्चिम किनाऱ्यावरून निघायचा काळ डिसेंबर ते मार्च. तेव्हा ईशान्य मोसमी वारे असतात, आकाश स्वच्छ, समुद्र सौम्य. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमीचा, तो आपला नाहीच. कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’नं मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा अख्खा बार्ज बुडवला, त्यात कितीतरी कामगार गेले. त्या यंत्रसामग्रीपुढे आपली बोट काय!

लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडे पाहा, वादळाचा हवामान खात्याच्या मुंबई केंद्राकडे. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाचा पाऊस सांगतं, समुद्र नव्हे. महिनाभर आधीपासून रोज अंदाज लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्षाशी ताडून पाहा, म्हणजे कुठल्या अंदाजावर किती विसंबायचं ते समजतं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ठरलेली तारीख. रजा मंजूर झालीय, विदर्भ एक्सप्रेसनं मावश्या-आत्या निरोपाला आल्यात, पेपरवाला फोटो काढणार आहे, म्हणून माणसं खराब हवेत नांगर उचलतात. निरोप समारंभ नागपुरातच उरकून घ्या, धक्क्यावर कुणाला बोलावू नका. निघताना पुढचे तीन दिवस सौम्य वाऱ्याचे हवेत, कारण तेवढ्यात शरीर रुळतं.

मुंबईहून पहाटे, ओहोटी सुरू होताना निघा. पहिली रात्र जाळ्यांच्या पट्ट्यात जाणारच. तिथं इंजिन शक्यतो बंद ठेवा. पंख्यात दोर अडकला तर अंधारात पाण्यात उतरावं लागतं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे फलाट आहेत. त्यांच्याभोवतीच्या ५०० मीटरमध्ये शिरायचं नाही, म्हणून मार्ग आखतानाच ते टाळा. खाली लक्षद्वीपची बाकीची बेटं आणि मिनिकॉय यांच्यामधली नाइन डिग्री चॅनेल म्हणजे जहाजांचा हमरस्ता. तो शक्यतो दिवसा आणि काटकोनात ओलांडा. लक्षद्वीपला उतरायचं तर भारतीयांनाही परवाना लागतो, आधी काढा. पश्चिमेला सोमालियाकडे सरकू नका. २०२३ च्या अखेरीपासून तिथं चाचेगिरीनं पुन्हा डोकं वर काढलंय. मालदीवची बेटं इतकी सपाट की जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत, आणि भोवती प्रवाळ. संध्याकाळी पोहोचलात तर बाहेरच थांबा, आत सकाळीच शिरा.

कागद, बीकन आणि घरचे

पासपोर्ट, बोटीची नोंदणी, विमा, कस्टम्स आणि इमिग्रेशनची बंदरावरची मंजुरी हे एजंटामार्फत सोपं होतं, पण प्रत्येक कागद स्वतः वाचा. एका गोष्टीत मात्र हयगय नको. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यापायी विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अटक झालेली आहे. परदेशातल्या मित्रानं भेट दिलं म्हणून खिशात घालून आणू नका. दूरसंचार विभागाची परवानगी घ्या.

संकटसंदेश देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब बीकन घ्याच आणि इस्रोच्या बंगळूरुच्या केंद्राकडे त्याची नोंदणी करा. नोंदणी नसेल तर संदेश येतो, पण कुणाचा ते कळत नाही. नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते. २१ सप्टेंबरला वादळात बोटीची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला इजा झाली. ठिकाण कळलेलं होतं, नौदलाचं विमान वरून पाहून गेलं, तरी ‘ओसिरिस’ या फ्रेंच बोटीला त्यांच्यापर्यंत पोहोचायला २४ तारीख उजाडली. तेच टॉमी पुढच्या शर्यतीत एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले, ही गोष्ट वेगळी. आपण शिकायचं ते हे की बीकन दाबला म्हणजे मदत दारात आली असं नसतं. तीन दिवस स्वतःच्या जिवावर काढता येतील एवढं पाणी, औषध आणि दुरुस्तीचं सामान हवं.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात: सुकाणू, डोलकाठीचे तारदोर आणि बोटीच्या तळाला असलेली झडपांची तोंडं, या तीन जागी सगळा वेळ घाला. प्रत्येक झडपेला तिच्या मापाचा लाकडी बूच दोरीनं बांधून ठेवा. नौदलाच्या ‘तारिणी’ या बोटीची पहिली परिक्रमासुद्धा सुकाणूच्या बिघाडामुळे ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबली होती. रात्री डेकवर जाताना पट्टा अडकवल्याशिवाय पाऊल नाही, कप्तानालाही नाही. दात दाखवून या. जमल्यास आग विझवण्याचं प्रात्यक्षिक करून या. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, त्यामुळे ते शिकवू शकणारी अनुभवी माणसंही इथं सापडतात.

शेवटी घर. आई, बायको, नवरा, भाऊ यांच्यापैकी शांत डोक्याचा एकच माणूस निवडा. त्याला लेखी द्या: बोटीचं नाव, रंग, शिडाचा क्रमांक, कोण-कोण आहे, कोणत्या मार्गानं, कोणत्या दिवशी पोहोचायचा अंदाज. आणि मुख्य म्हणजे किती दिवस खबर नसेल तर हालचाल करायची, ती तारीख. दोन दिवस संदेश आला नाही म्हणजे बॅटरी उतरली असेल, बोट बुडाली असं नाही, हे चार लोकांसमोर सांगून ठेवा. ती ठरलेली तारीख उलटली तर मात्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा करत बसू नये, सरळ तटरक्षक दलाचा मदत क्रमांक फिरवावा. तो १५५४ आहे. निघण्याआधी घरच्यांच्या फोनमध्ये तो तुम्ही स्वतः टाकून द्या.